हवा धरलेली मोटर

रात्री अडीचला जाग येते.
डाव्या कुशीवर वळलं की उशीत कोणीतरी
घाईघाईनं चालत असतं.
आधी वाटायचं, उंदीर.
मग कळलं, मीच.

पंचफुला दिवा न लावताच विचारते, "किती?"
मी मनगट तिच्याकडे करतो.
तिला नाडी मोजता येत नाही,
तरी दोन बोटं ठेवते,
भाताचं शीत दाबून पाहावं तशी.
"लय पळून रायली," म्हणते. "कुठं चालली एवढी?"

बावीस वर्षं गावाची नळयोजना चालवली मी.
नदीकाठची विहीर, साडेसात हॉर्सपॉवरची मोटर,
टाकीला बासष्ट पायऱ्या.
आवाजावरून सांगायचो:
आता पाणी ओढते, आता गाळ,
आता खाली काहीच नाही अन् ही नुसतीच फिरते.
तेव्हा तिचा सूर चढतो, बारीक होतो,
हात लावला तर चटका.
मोटरनं हवा धरली म्हणतात त्याला.
धावत जायचं अन् खटका पाडायचा.

हा खटका कुठं असते, मी डॉक्टरीणबाईंना विचारलं
नागपूरला, तिसऱ्या केमोच्या दिवशी.
नळीतून लाल औषध उतरत होतं,
जत्रेतल्या सरबतासारखं.
त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या,
रक्त कमी झालंय दादा,
तेवढ्याच रक्तात सगळ्या अंगाला पुरवायचं
म्हणून हृदय जास्त फेऱ्या मारतं.
थोडं औषधाचं असेल, थोडं भीतीचं. इको काढू.
चक्कर आली, छातीत दुखलं, दम लागला
तर सकाळची वाट पाहू नका.

मला पहिलं वाक्यच पुरलं.
विहिरीत पाणी कमी, नळ तेवढेच.
दर मे महिन्यात हेच करत आलो मी
अन् शिव्याही मीच खाल्ल्या.

आशाताई निलीमा गेडाम
बोटाला लावायचा तो कोरोनातला चिमटा ठेवून गेली.
एकशे चौदा.
संडासातून आलो की एकशे बत्तीस.
आकड्याकडे पाहत बसलं की आणखी चार.
पंचफुलानं तो ज्वारीच्या कोठीत लपवला,
सकाळी एकदा काढते, दिवेलागणीला एकदा.

उठायच्या आधी बसायचं.
बसलं की पाय खाली सोडून
समोरच्या भिंतीवरची पाल कुठवर गेली ते पाहायचं,
मग उभं राहायचं.
खर्रा तर गाठ सापडली त्याच दिवशी नालीत टाकला.
श्वास नाकानं घ्यायचा, ओठांनी सोडायचा,
चुलीत फुंकर घालतात तसा,
"पण इस्तो पेटवाचा नाई," निलीमा सांगते,
"राख उडू द्याची नाई, अशी फुंकर."
राख उडतेच.
कधी कधी नाही उडत.

सहावी झाली. डोक्यावर जावळ आलं.
लोक म्हणाले, सुटला बा.
त्याला अजून कोणी सांगितलं नाही बहुतेक,
छातीतल्याला.
जेवून उठलो तरी धावतो,
कोणी मोठ्यानं दार लावलं तरी.

माघात नवा पोरगा लग्नाला गेला
अन् ब्लिचिंगची पिशवी घेऊन मीच टाकीवर चढलो.
अकराव्या पायरीवर तोच सूर, बारीक, वर चढत जाणारा.
लोखंडाला पाठ लावून बसलो.
खालून सुगंधाबाई ओरडली,
"काय झालं ना बाप्पा, सोडतं का नाई पानी?"
म्हटलं, "थांब माय. मोटर गरम हाय."
मोटर तर नदीवर, दीड कोस लांब.
तिनं वर पाहिलं.
मग गुंड खाली ठेवला, त्यावर चुंबळ,
अन् टाकीच्या सावलीत बसली.
बाकीच्याही बसल्या, कोणाच्या तरी सुनेबद्दल बोलत.
पिशवी तिचा नातू घेऊन गेला वर, माकडासारखा.

पाणी सात मिनिटं उशिरा सुटलं.
ग्रामपंचायतीच्या वहीत कारणाचा रकाना आहे.
त्यात लिहिलं, मोटर गरम.
खाली सही केली,
थोडी थरथरली, पण माझीच.